फणीला हात लावायचा नाही

औषधाच्या दुकानात माणसं खोकल्याचं औषध मोठ्यानं मागतात आणि डोक्यातल्या खाजेचं काउंटरवर वाकून, जवळजवळ कानात. मी इतकी वर्षं काउंटरमागे उभी आहे की कोण वाकलं म्हणजे काय मागणार, हे मला आधीच कळतं. तरी खुद्द माझ्या वहिनीच्या डोक्यात काय आहे ते कळायला तिच्या लग्नानंतर अख्खा हिवाळा जावा लागला. कारण ती आमच्या दुकानात पाऊल टाकत नसे. दोन बस बदलून ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून शाम्पू आणायची आणि घरी आल्याआल्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढायची. एक दिवस मी न्हाणीघरातली ती बिनलेबलाची बाटली उघडून हुंगली. रस्ता करताना येतो तसा डांबराचा वास. ही बाटली आमच्याकडे कुठल्या फळीवर असते ते मी डोळे मिटून सांगितलं असतं.

मी बाहेर येऊन सरळ विचारलं, “वहिनी, सोरायसिस आहे का गं तुला?”

तिनं आधी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावली. मग म्हणाली, “वन्सं, हळू बोल.”

घरात आम्ही दोघीच होतो आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत होती. ‘वन्सं’ हा जुनापुराणा शब्द ती मला चिडवायला वापरायला लागली आणि तोच चिकटला, एरवी आमचं सगळं अगं-तुगंच. त्या दिवशी मात्र तिच्या आवाजात चिडवणं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते तिचे. एवढ्याशा प्रश्नानं माणूस इतकं घाबरतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

हा आजार काही जगावेगळा नाही. डोक्याची कातडी वाजवीपेक्षा घाईनं वाढते, तिचे चंदेरी पापुद्रे साचतात, खाली लाल होतं, खाज सुटते, ओरबाडलं की रक्त येतं. कमी होतो, पुन्हा उलटतो, पुरता जात नाही. आणि शिवल्यानं कुणाला लागत नाही. हे मी गिऱ्हाइकांना पाठ म्हटल्यासारखं सांगते. ती मान हलवतात, औषध घेतात, आणि जाताना पिशवीत अशी दडवतात की जणू चोरीचा माल आहे. मला अशा माणसांचा राग यायचा. वहिनी घरात आल्यावर तो जरा कमी झाला.

तिनं दादाला लग्नाआधीच सांगितलं होतं. बागेत बसून, रुमाल पिळत, अर्धा तास घालवून. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला टक्कल पडत चाललंय, मी काही बोललो का?” असा आमचा दादा. लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर असतो आणि कुठल्याही गोष्टीचा बाऊ करत नाही. वहिनी त्या वाक्यावर त्याच्याशी लग्न करून मोकळी झाली. पण भीती काही दादाच्या विनोदानं जाणारी नव्हती.

आणि काम काय करावं बाईनं? तर बायकांच्या पार्लरमध्ये केस कापायचं. दिवसभर दुसऱ्यांची डोकी हातात, आणि स्वतःच्या डोक्याला कायम रुमाल बांधलेला. फुलाफुलांचा, रेघांचा, कपड्यांना साजेसा. गिऱ्हाइकांना ती फॅशन वाटायची, दोघीतिघींनी तर तिचं पाहून बांधायला सुरुवात केली. घरी येऊन ती हे सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. पण हसता हसता तिचा हात खांद्यावरून फिरायचा. ती सवयच होती, डावा खांदा, उजवा खांदा, मग मानेमागे. बसमध्ये ती शेवटच्या बाकावर बसे, म्हणजे मागे कुणी नको. लिफ्टमध्ये पाठ भिंतीला लावून उभी राही. कुणी मागे हसलं की ते आपल्यालाच, अशी तिची खात्री असे. पंख्याखाली ती कधी बसली नाही. उन्हाळ्यात घामानं निथळत राहील, पण पंख्याखाली नाही.

मग मुलगी झाली. सतत हलणारी, बारकीशी, कुठं शिरली ते कळू न देणारी, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा वहिनीनं तिचा चेहरा पाहिला नाही, आधी टाळू पाहिली. तेव्हापासून तिच्या भीतीला नवा धनी मिळाला.

त्यामागे एक गोष्ट होती. वहिनीच्या आईलाही हेच होतं, आणि लहानपणी वहिनी आईच्याच फणीनं केस विंचरायची. त्या फणीतूनच आपल्याला हे आलं, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्यासमोर समजावलं होतं की हे रक्तातून येऊ शकतं, फणीतून नाही. घरी येताना मी म्हटलं, “ऐकलंस ना?” तर म्हणाली, “ऐकलं. पण फणी तरी माझ्या हातात आहे. रक्ताचं मी काय करू?”

त्यामुळे घरात नियम झाले. वहिनीचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी, कंगवा वेगळा. मुंगी माझ्या खोलीत झोपायची. आईच्या कुशीत शिरायला गेली की वहिनी तिला हातभर लांब धरायची, गालाला गाल लावायची नाही. आणि तिची वेणी मी घालायची. म्हणजे बघा, जिच्याकडे बायका रांग लावून केस कापून घेतात, तिच्या पोरीचा भांग शाळेत सगळ्यांत वाकडा, कारण तो पाडणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. “अगं, गिऱ्हाइकांच्या डोक्याला दिवसभर हात लावतेस, ते कसं चालतं?” असं मी एकदा विचारलंही. ती म्हणाली, “गिऱ्हाइकं माझ्या पोटची नाहीत.”

असं सगळं बरं-वाईट चाललं होतं. मग पार्लर नव्या मॅडमनी घेतलं आणि त्यांनी सगळ्यांना काळे एप्रन दिले.

आधीचे एप्रन फिकट होते, त्यावर काही दिसत नसे. काळा एप्रन म्हणजे शाळेचा फळाच. वर मॅडमनी प्रत्येक खुर्चीवर पांढराफटक दिवा लावला आणि गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायचं कापडही काळं आणलं. वहिनी पहिल्या दिवशी घरी आली ती न बोलता पलंगावर बसली. एप्रन मांडीवर घेऊन तो दिव्याकडे धरून बघत राहिली. “आता मला काढतील,” ती म्हणाली. मी म्हटलं, रुमाल आहे ना. तर म्हणाली, “रुमालाखालून पडतं, वन्सं. मानेवरून पडतं. मी वाकले की पडतं.” तिचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

थोड्याच दिवसांनी आमच्या दुकानात एक बाई आल्या. चांगल्या पोशाखातल्या, बँकेत अधिकारी असाव्यात असा एकूण थाट. आल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि काउंटरवर वाकल्या. मी मनात म्हटलं, आली आणखी एक. कोंड्यावर सगळ्यांत जालीम काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. “तुम्हाला कुणी सांगितलं कोंडा आहे म्हणून?” मी विचारलं. त्यांनी पार्लरचं नाव सांगितलं. आरशात काळ्या कापडावर एक पांढरा कण दिसला, हा माझा का, असं त्यांनी विचारलं, आणि केस कापणाऱ्या बाईंनी हो म्हणून सांगितलं. “रुमालवाल्या बाई,” त्या म्हणाल्या. “फार हुशार आहे हो ती.”

मी त्यांना लहान मुलांचा साधा शाम्पू दिला आणि काळजी करू नका म्हटलं. त्या मात्र काळजी घेऊनच गेल्या, कारण जाताना त्यांचा हात खांद्यावरून फिरला. डावा, उजवा, मग मानेमागे.

संध्याकाळी मी वहिनीला धरलं. तिनं नाकारलं नाही. “तोंडातून निघून गेलं,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं आणि मॅडम मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता संपलं.” मग ती हसायला लागली, आणि हसण्याचं कधी रडणं झालं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मुंगी दारात उभी राहून बघत होती. “काय झालं?” तिनं विचारलं. “काही नाही,” वहिनी म्हणाली. या ‘काही नाही’ची मुंगीला सवय होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं फणी काढली.

केसांचं काम करणाऱ्यांची एक समजूत असते. डोकं स्वच्छ दिसलं म्हणजे डोकं बरं झालं. दिवसभर त्या तेच तर करतात, आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूष होतं. वहिनी रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावायची, मांडीवर जुना कागद पसरायची आणि बारीक दातांच्या फणीनं सगळे पापुद्रे उकलून काढायची. हात सराईत. एवढासा कण राहू द्यायची नाही. दुपारपर्यंत डोकं लख्ख राहायचं, संध्याकाळी आग व्हायची, आणि आठवडाभरात जिथं नव्हतं तिथंही उठलं. होणारच. या आजारात कातडीला जखम झाली की तिथंच नवा चट्टा धरतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मी सांगितलं, मलमाच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. पण तिला बरं व्हायचंच नव्हतं, तिला फक्त रोज संध्याकाळी पार्लर बंद होईपर्यंत तग धरायचा होता. “तुझं ज्ञान ठेव तुझ्या दुकानात,” ती मला म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती.

मुंगी दाराबाहेर उभी राहायची. आतून करकर आवाज यायचा. “आई, काय करतेस?” “काही नाही.” “मी येऊ?” “नको, लांब हो.” नंतर वहिनी फणी धुऊन, कागदात गुंडाळून सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायची. “त्या फणीला हात लावायचा नाही,” तिनं मुंगीला बजावलं होतं. “लावलास तर तुला माझ्यासारखं होईल. कळलं?” मुंगीनं मान हलवली होती. मी तिथंच होते, आणि मला वाटलं होतं, उगाच पोरीला भेदरवते आहे.

त्यानंतर एका रविवारी मी मुंगीची वेणी घालायला बसले. एरवी ती मांडीवर खारीसारखी वळवळते, त्या दिवशी खांबासारखी ताठ. कंगवा कानामागं गेला आणि तिनं डोकं झटकलं. मी केस बाजूला केले. कानाच्या वर लालभडक कातडी, त्यावर खपल्या, आणि एका खपलीतून ओलं रक्त. पलीकडे पाहिलं, तिथंही तेच.

मी घाबरत नाही सहसा. त्या वेळी घाबरले. कंगवा खाली ठेवला तेव्हा तो फरशीवर वाजला, त्या आवाजानं वहिनी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली आणि माझं तोंड पाहून तिथंच थांबली.

“चंदेरी आहे का?” तिनं विचारलं.

“लाल आहे. खपल्या आहेत.”

“कडा कशा आहेत? गोल?”

“तू ये ना इकडं, बघ.”

ती आली नाही. एवढी डोकी पाहिलेली बाई, पण उंबरा ओलांडून स्वतःच्या पोरीचं डोकं बघायला तिचे पाय उचलेनात. ती दारातच खाली बसली आणि म्हणाली, “मीच दिलं तिला.” मग तेच पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा. मुंगी माझ्याकडे बघत होती, आईकडे बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. मी दादाला फोन लावला. तो कुठल्यातरी घाटात होता, आवाज तुटत होता. “आधी डॉक्टरला दाखवा, मग रडा,” एवढं ऐकू आलं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळाला. ती मधली रात्र आमच्यापैकी कोण झोपलं, विचारू नका. बाहेरच्या बाकावर वहिनी मुंगीपासून एक जागा सोडून बसली. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. मी तिला म्हटलं, झालं असेल तर औषध आहे, कुणी मरत नाही. ती म्हणाली, “मरत नाही. तेच तर. जन्मभर ती बसमध्ये शेवटच्या बाकावर बसेल.” मुंगीनं ते ऐकलं, असं मला वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “हे सोरायसिस नाही.”

“नीट बघा ना,” वहिनी म्हणाली.

“नीटच बघते आहे. हे ओरखडे आहेत, दातेरी वस्तूचे. एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढलेले.” त्यांनी भिंग ठेवलं. “हिचे केस कोण विंचरतं?”

“मी,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या. मी विंचरते वाईट, हे कबूल, पण पोरीला सोलत नाही. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला जवळ घेऊन कुणी केलं ते विचारलं. मुंगी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी मलम लिहून दिलं, खपल्या पडेपर्यंत कंगवा लावू नका म्हणाल्या आणि आणखी काही दिसलं तर ताबडतोब या, असंही म्हणाल्या. ते माझ्याकडे बघून.

वहिनीनं उठता उठता विचारलं, “पुढं होईल का हिला?”

“होईलही, नाहीही होणार. ते कुणालाच सांगता येत नाही. पण आज हिला काही नाही.”

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी मुंगीला पलंगावर बसवलं. “मुंगे, खरं सांग, मी इतक्या जोरात विंचरते का?”

“नाही.”

“मग शाळेत कुणी केलं?”

“नाही.”

“मग?”

“मी केलं,” ती म्हणाली. “आईच्या फणीनं. बादली उलटी ठेवली आणि चढले.”

वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. “तुला सांगितलं होतं ना मी? हात लावलास तर तुला होईल म्हणून?”

“म्हणूनच लावला.”

ती शाळेत शिकवलेलं उत्तर समजावून सांगावं तशी बोलायला लागली, जरा कंटाळूनच, कारण एवढी सोपी गोष्ट मोठ्यांना कळत नाही. “तुला भीती वाटते ना, मला होईल म्हणून? म्हणून तू मला जवळ घेत नाहीस, आणि वेणी पण आत्याच घालते. एकदा मला झालं की मग तुला कसली भीती? मग काही उरणारच नाही.” आणि पुढं म्हणाली, “पण होतच नव्हतं. मग मी जोरात केलं.”

वहिनीचा हात सवयीनं खांद्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी तिची सगळी भीती पाहिली आहे, बसमधली, लिफ्टमधली, पार्लरमधली. ही त्यातली नव्हती. आपण ज्यापासून पोरीला वाचवत होतो ते आणि पोरीला ज्यानं रक्त आलं ते, या दोन गोष्टी निरनिराळ्या होत्या, हे तिला त्या क्षणी दिसत होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं.

मग तिनं पिशवीतून मलमाची नळी काढली. टोपण उघडलं. आणि नेहमीसारखी ती नळी माझ्यापुढं धरली, तू लाव म्हणून. मी हात पुढं केला नाही. मुद्दाम केला नाही, खोटं कशाला बोलू. मुंगीचे डोळे त्या नळीवर होते.

वहिनीनं नळी मागे घेतली. न्हाणीघरात जाऊन हात धुतले. पुन्हा धुतले. साबणाचा वास माझ्यापर्यंत आला. मग ती येऊन पलंगावर मुंगीच्या मागं बसली, अगदी लागून, बोटावर मलम घेतलं आणि केस बाजूला केले. एवढ्या सराईत हाताची बोटं, पण ती अशी कापत होती की मलम केसांना लागलं आणि पहिल्यांदा जखमेपर्यंत पोचलंच नाही.

“आई, तुझा हात हलतोय,” मुंगी म्हणाली.

“हो. भीती वाटते मला.”

“मला नाही झालं तरी?”

“तरी.”

“डॉक्टरांनी सांगितलं तरी?”

“तरी वाटते गं.”

मुंगीनं मान आणखी खाली केली आणि केस स्वतःच्या हातानं वर धरले.

“बरं,” ती म्हणाली. “पण लाव.”